लातूरच्या मेसवाल्यांनो आणि टेंडरवाल्या साहेबांनो, ज्वारी आमच्या शेडात पडून आहे

प्रति,
लातूरातले सगळे मेसवाले, हॉस्टेलवाले आणि सरकारी वसतिगृहं-आश्रमशाळांच्या जेवणाचं टेंडर काढणारे साहेब लोक

रामराम.

मी औसा तालुक्यातला. तीन एकर कोरडवाहू, एक बोअर आहे पण ते फेब्रुवारी लागला की खोकायला लागतं, आणि वरून गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीत बिनपगारी संचालक. पत्र लिहायची सवय नाही, जसं सुचेल तसं लिहितोय, सांभाळून घ्या.

जूनमध्ये पोरीला नीटच्या क्लासला सोडायला लातूरला आलो होतो. पिकअपमध्ये पोरीची ट्रंक, गादी, बादली आणि मागं ज्वारीची चार पोती, म्हनलं जातोच आहे तर अडतीवर टाकून येऊ, तेवढाच मेसचा ॲडव्हान्स निघेल. पोरीची मेस बघितली, स्वच्छ होती, मालक माणूस चांगला, मला पण जेवायला बसवलं. ताटात दोन चपात्या, बटाट्याची पातळ भाजी, वरण, भात. मी सहज विचारलं, भाकरी नसते का हो? ते म्हणाले, "काका, पोरं मागतात, पण आठवड्यातून एकदाच जमतं, चांगली ज्वारी रेग्युलर कुठून आणू? किराण्यात घ्यावी तर एकदा पांढरी एकदा पिवळी, भाव पण दर महिन्याला वेगळा."

आणि मी हात धुवून बाहेर आलो आणि तिथून दीड-दोन किलोमीटरवर जाऊन माझी चार पोती अडत्याला देऊन आलो, तो म्हणेल त्या भावात. परत येताना औशाच्या रस्त्याला लागल्यावर डोक्यात उजेड पडला की अरे बाबा, आपण काय करून आलो. ज्याला ज्वारी पाहिजे त्याच्या दारात ज्वारीची गाडी उभी होती आणि तो मला विचारत होता ज्वारी कुठं मिळते, आणि मी त्याला सांगितलं नाही, कारण मला सुचलंच नाही. मेसवाला ज्वारी घेतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आमच्या डोक्यात ज्वारी म्हणजे घरी खायची आणि उरली तर अडतीवर, बस्स.

त्या दिवसापासून मी हिशोब करत बसलोय. ढोबळ आहे, पण बघा. दोनशे पोरांची मेस धरा. एका पोराला दिवसाला दोन भाकरी, एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ. म्हणजे दिवसाला ३६ किलो. वर्षात अडीचशे दिवस मेस चालली तर ९० क्विंटल. आमच्याकडं कोरडवाहू रब्बी ज्वारी बऱ्या वर्षी एकरी चार क्विंटलच्या आसपास पडते. म्हणजे एक मेस साधारण २०-२५ एकर ज्वारी खाते. एका शेतकऱ्यानं घरचं खाऊन दोन एकराची विकली तर एका मेसमागं दहा-अकरा घरं. लातूरात मेस किती आहेत ते तुम्हीच मोजा, मला तर क्लासच्या एका गल्लीत जेवढ्या पाट्या दिसल्या तेवढ्यात आमचं अख्खं गाव बसतं. आणि गंमत अशी की तिथं जेवणारी निम्मी पोरं आमच्यासारख्याच घरातली, बाप ज्वारी पिकवून अडतीवर टाकतो आणि त्याच पैशानं पोराच्या चपातीचा महिना भरतो.

आता कोणी म्हणेल ज्वारीचा एवढा काय पुळका, गहू-तांदूळ आहे की, रेशनवर फुकट आहे. बरोबर आहे. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला, माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला कार्डामागं ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तर ते पण फुकट झालं. त्यानं उपासमार टळली, लॉकडाऊनमध्ये ते धान्य नसतं तर काय झालं असतं ते आम्ही डोळ्यानं बघितलंय, त्याला नावं ठेवणार नाही. पण रेशनचा तांदूळ गावात किती घरं पूर्ण खातात हे पण सगळ्यांना माहितीये, आणि दारावर तांदूळ विकत घ्यायला फिरणारे कोण असतात ते पण माहितीये. आमचं पोट भाकरीचं आहे. म्हातारी माणसं भात खाल्ल्यावर म्हणतात जेवल्यासारखं वाटत नाही, आणि मग शंभराची नोट घेऊन ज्वारी आणायला दुकानात जातात, ज्या गावानं ती ज्वारी हंगामात स्वस्तात विकली त्याच गावातली माणसं, पावसाळ्यात, महाग.

माझा बाप ७२ च्या दुष्काळाचं सांगायचा. खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली, ती भाकरी चावायची नाही आणि गिळायची पण नाही. पण त्याच्या आधीचं पण सांगायचा, की वाड्यात पेव असायचं, ज्वारी दोन-दोन वर्षं जमिनीत राहायची, पेव उघडलं की आधी कंदील सोडून बघायचे आत हवा चांगली आहे का. आता पेव बुजलं, त्याच्यावर मोटारसायकल उभी असते. आणि रानात सगळीकडं सोयाबीन. मी पण करतो, खोटं कशाला बोलू. सोयाबीनचा भाव पडला की आम्ही बोंबलतो पण सोयाबीन सोडत नाही, कारण सोयाबीन घेणारा रोज उभा आहे. तुरीला लातूरच्या डाळ मिल आहेत. ज्वारीला कोण आहे?

हेच मला सांगायचंय खरं तर. पीक घेणाऱ्याच्या मागं जातं. धानाचं बघा. तिकडं गोंदिया-भंडाऱ्याला धान पिकतो, तर मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ हमीभावानं खरेदी करतं, मग तो धान भरडायला राईस मिलला जातो, मिलवाल्यानं १ क्विंटल धानामागं ६७ किलो तांदूळ जमा करायचा, तो गोदामात, गोदामातून रेशन दुकानात, शाळेच्या खिचडीत. तिथं पण भानगडी आहेत, बारदाना संपतो, चुकारे लटकतात, पेपरात वाचतो आपण. पण रस्ता आहे. दोन एकरवाल्याच्या खळ्यापासून लातूरच्या पोराच्या ताटापर्यंत एक सलग रस्ता आहे, म्हणून तो भात पाच-सहाशे किलोमीटरवरून येऊन माझ्या पोरीच्या ताटात पडतो आणि तिच्या बापाची ज्वारी तीस किलोमीटरवरून येत नाही. हमीभाव दोघांनाही आहे, २०२५-२६ चा क्विंटलला धानाला २,३६९ आणि मालदांडी ज्वारीला ३,७४९ रुपये, कागदावर तर ज्वारीच वरचढ आहे. पण भाव लिहून ठेवला म्हणून माल उचलला जात नाही ना. उचलणारा लागतो.

आता आमच्या कंपनीबद्दल. आधी सांगतो की सरकारनं आम्हाला काही दिलं नाही असं अजिबात नाही. २००२ मध्ये कंपनी कायद्यात शेतकऱ्यांच्या कंपनीची सोय आली, २०२० ला केंद्रानं दहा हजार कंपन्यांची योजना काढली, राज्याचे शेतीचे स्मार्ट आणि पोकरा हे प्रकल्प आले. आम्हाला शेड मिळालं, क्लिनिंग-ग्रेडिंगचं मशीन मिळालं, उद्घाटनाला फोटो निघाले, नारळ फुटला. ते मशीन गेल्या वर्षी किती दिवस चाललं माहितीये? अकरा दिवस. बाकी वर्षभर त्याच्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर कबुतरं. ट्रेनिंगला आम्हाला बोलावतात, हॉटेलच्या हॉलमध्ये, व्हॅल्यू ॲडिशन करा, ब्रँडिंग करा, पॅकिंग आकर्षक ठेवा. एकदा मी हात वर करून विचारलं, साहेब घेणार कोण? ते म्हणाले मार्केट लिंकेजचं सेशन दुपारी आहे. दुपारी लाईट गेली.

(खरंच गेली. पण गेली नसती तरी फार काही झालं असतं असं वाटत नाही.)

एकदा मोठा खरेदीदार पण मिळाला होता आम्हाला. शहरातली कंपनी, नाव घेत नाही. फोनवर गोड बोलले, साठ क्विंटल मालदांडी पाहिजे, भाव अडतीपेक्षा दीडशेनं जास्त. आम्ही ४३ शेतकऱ्यांकडून गोळा केली, कोणाचं एक पोतं कोणाची तीन. गाडी भरून पाठवली. तिथं त्यांचा एक पोरगा आला, पोत्यातून नमुना काढायची बंबी खुपसली, तळहातावर दाणे घेतले, मीटरमध्ये टाकले आणि म्हणाला ओलावा १२.८ आहे, आम्हाला १२ च्या आत पाहिजे. आमच्या मीटरवर साडेअकरा होता. सरकारी खरेदीत ज्वारीला १४ टक्क्यांपर्यंत चालतं, पण यांचं १२ आहे हे आम्हाला गाडी पोचल्यावर कळलं, आधी कोणी कागद दिला नव्हता आणि आम्ही पण मागितला नव्हता. गाडी दोन दिवस गेटवर. ड्रायव्हर मला दर तासाला फोन करून वेटिंग चार्ज सांगायचा. शेवटी क्विंटलला दोनशे कापून घेतली, म्हणजे अडतीपेक्षा पन्नासनं कमी पडली, भाडं वेगळं. आणि पैसे आले चौऱ्याहत्तराव्या दिवशी.

त्यात आमची चूक नव्हती का? होती. एका सभासदानं पावसात सापडलेली काळी पडलेली ज्वारी दोन पोत्यात मधोमध घालून दिली होती, वर-खाली पांढरीशुभ्र. आणि दुसऱ्या एकाची हायब्रीड होती, तो आजपण म्हणतो मालदांडीच आहे. हे मला शेडात गोणी उलटी करताना दिसलं होतं आणि मी भिडेखातर गप्प बसलो, भावकीतला माणूस, काय बोलणार. ही गोष्ट मी कंपनीच्या मीटिंगमध्ये सांगितली नव्हती, इथं पहिल्यांदा लिहितोय, आता गावात बोंब होईल ती होऊ दे.

पण ते चौऱ्याहत्तर दिवस. ते विसरत नाही. मार्चमध्ये ज्वारी निघते, उपटायला मजूर मिळत नाही, मिळाला तर रोज पैसे मागतो आणि त्याचं बरोबर आहे. मार्चमध्येच सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं करायचं असतं. एप्रिल-मेमध्ये लग्नं, जूनमध्ये बियाणं, पोरांच्या ॲडमिशन. म्हणजे आम्हाला पैसा लागतो नेमका त्याच तीन महिन्यात आणि तुमचं बिल पास होतं त्याच्यानंतर. शेजारची काकू रोज संध्याकाळी यायची, बोलायची काही नाही, ओट्यावर बसायची, पाणी प्यायची आणि जायची. तिची तीन पोती होती त्या गाडीत. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी ४३ पैकी ९ जणांनी माल आणला. बाकीचे गेले अडतीवर. ह्याला तुमच्या भाषेत म्हणे साईड सेलिंग म्हणतात आणि ट्रेनिंगमध्ये सांगतात की शेतकऱ्यांमध्ये शिस्त नाही.

अडत्याबद्दल पण नीट बोललं पाहिजे. सगळे त्याला दलाल म्हणून मोकळे होतात. आमचा अडत्या हमाली, तोलाई, कडता सगळं कापतो, पोटलीत हात घालून नाक मुरडतो, पण संध्याकाळी पट्टी हातात देतो. बाप दवाखान्यात होता तेव्हा रात्री अकराला फोन केला, अर्ध्या तासात वीस हजार घेऊन पोरगं आलं. त्याचा बदला तो मार्चमध्ये भावात काढतो, हे त्याला पण माहिती मला पण माहिती. तो माल विकत घेतच नाही खरं तर, तो वेळ विकतो. त्याला बाजूला सारायचं असेल तर भावात शंभर-दीडशे वाढवून काही होत नाही, त्याचं हे उचल देण्याचं काम कोणीतरी केलं पाहिजे. आईनं तर तेव्हाच सांगितलं होतं, "कशाला हिंडलालास बाबा त्या कंपनीमागं, शेठ काय वंगाळ हाय?"

म्हणून मेसवाल्यांनो, तुम्हाला मागणं असं आहे. आम्हाला जास्तीचा भाव नका देऊ. किराणा दुकानातून घेता त्याच्यापेक्षा दोन रुपये कमीच द्या पाहिजे तर. पण ऑर्डर पोळ्याच्या आसपास सांगा, कारण आमची ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असते, मार्चमध्ये फोन करून ज्वारी आहे का विचारलं तर तेव्हा रानात जे असेल तेच मिळणार. ओलावा किती, दाणा कसा, हे साध्या एका कागदावर लिहून द्या, व्हॉट्सॲपवर दिलं तरी चालेल. सगळा माल एकदम नका घेऊ, तुमच्याकडं ठेवायला जागा नाही हे मला दिसलं, पोती जिन्याखाली होती. दर महिन्याला सात-आठ क्विंटल आम्ही आणून टाकू, साफ करून, सोंडे लागले तर पोतं परत घेऊन. आणि पैसे पोचल्यापासून तीन दिवसात. पोरांचा महिना तुम्ही ॲडव्हान्स घेता ना? माझ्याकडून पण घेतला, पावती आहे. मग त्यातलेच द्यायचे आहेत.

राहिलेली ज्वारी आम्ही शेडात ठेवू, शेड आहेच, कबुतरं हाकलू. पण वर्षभर माल धरून ठेवायचा तर सभासदाला मार्चमध्ये काहीतरी हातात द्यावं लागतं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, सोयाबीन-तुरीला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजानं. चांगली योजना आहे, मी घेतलीये. तशी सोय ज्वारीला बाजार समितीच्या गोदामाऐवजी गावातल्या शेडात मिळाली, आणि त्यासोबत मेसवाल्याची लेखी ऑर्डर बँकेनं धरली, तर अडत्याच्या वीस हजाराला उत्तर मिळेल. बँक मॅनेजर साहेबांना हे पत्र कोणी पाठवलं तर बरं होईल, मी गेलो तर ते आधी सातबारा मागतात मग सिबिल बघतात मग जेवायला जातात.

आता टेंडरवाले साहेब. तुमचं टेंडर मी वाचलंय, पूर्ण, चष्मा लावून. मागच्या तीन वर्षाची उलाढाल एवढी कोटी, अनामत एवढी लाख, सगळ्या वसतिगृहांना सगळं धान्य, तेल, मीठ, मसाला एकाच ठेकेदारानं पुरवायचं. ज्वारी पुरवायला मी मीठ-मसाल्याचा व्यापारी कामून व्हावं? त्यातून ज्वारीची ओळ वेगळी काढा. तालुक्यापुरती काढा. उलाढालीची अट शेतकऱ्यांच्या कंपनीला लावू नका, त्याऐवजी शेडात येऊन माल बघा, पोती उघडा, बंबी मारा. हे काही मी आकाशातून काढत नाहीये. ब्राझीलनं २००९ साली कायदाच केला की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून जो पैसा येतो त्यातला कमीत कमी ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदी करायला वापरायचा, आणि त्यासाठी नेहमीच्या टेंडरमधून सूट दिली. तेवढं लांब नको, ओडिशा बघा, २०१७ पासून मिलेट मिशन, तिथं आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी हमीभावानं घेतात आणि रेशनला देतात, केओंझरला अंगणवाडीत नाचणीचे लाडू देतात. आपण २०२३ ला भरडधान्य वर्ष साजरं केलं, रॅली काढली, शाळेच्या पोरांना उन्हात उभं केलं, हातात फलक, ज्वारी खा निरोगी राहा. त्याच शाळेत दुपारी तांदळाची खिचडी.

परभणीच्या विद्यापीठात एवढी माणसं ज्वारीवर आयुष्य घालवतात, परभणी मोती काढली, २०१८ ला हैदराबादच्या इक्रिसॅट संशोधन संस्थेसोबत परभणी शक्ती आली, लोह आणि जस्त जास्त असलेली, म्हणजे वसतिगृहातल्या पोरींना जी पाहिजे नेमकी ती. आणि ती खायला घालायची सोय कोणाच्या टेंडरमध्ये नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मला मेसच्या मावशींनीच सांगितली. चपाती लाटून ठेवता येते, भाकरी थापावी लागते, दोनशे पोरांच्या चारशे भाकऱ्या दोन बायकांच्यानं होत नाहीत, खांदे जातात. कणीक आदल्या रात्री मळून ठेवतात, ज्वारीचं पीठ तसं चालत नाही, आणि पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी तुटते. म्हणून ज्वारी देताना नुसती ज्वारी देऊन भागणार नाही. आमच्या गावात बचत गटाच्या बायका आहेत, सोलापूरकडं कडक भाकरीचा धंदा चालतो तसं इथं ताज्या भाकरीचं व्हायला काय हरकत आहे, सकाळी सातला गाडी निघाली तर साडेआठला लातूर. किंवा दर चार दिवसाला ताजं दळलेलं पीठ, आणि लातूरातच एखाद्या गल्लीत पाच मेस मिळून भाकरी करणाऱ्या चार बायका. मला यातलं कुठलं जमेल हे अजून कळलेलं नाही, बायकांना विचारलं तर त्या म्हणाल्या आधी भाकरीचा दर सांगा, मग बोलू. बरोबरच आहे त्यांचं.

आमच्याकडून मी एवढं सांगतो. पोतं सभासदाच्या समोर पूर्ण उलटं करून घेऊ, भावकी असो की कोणी. पोत्यावर नंबर टाकू, म्हणजे खराब निघालं तर कोणाचं ते कळेल. पहिल्या वर्षी एकाच मेसचं घेऊ, फार तर दोन. जमलं तर वाढवू. आणि एकट्या ज्वारीच्या जिवावर शेतकरी उभा राहत नाही हे पण माहितीये, आमचं अर्धं गणित कडब्यावर असतं, कडबा आहे म्हणून तर बैल आहे, म्हैस आहे, तो भाग आमचा आम्ही बघू.

यंदा पोळ्याच्या आधी कधीही या. फोन केला नाही तरी चालेल. शेडाची चावी समोरच्या किराणा दुकानात असते, मालदांडीची दोन पोती दाराच्या डाव्या हाताला बाजूला काढून ठेवलीत, नंबर ७ आणि १२. येताना मेसच्या मावशींना सोबत आणा, चूल पेटवून देतो, त्यांनीच थापून बघू दे.

आपला,
औसा तालुक्यातला एक ज्वारीवाला
(आणि तुमच्याच एका मेसमधल्या पोरीचा बाप)